राक्षस तोंडात घेऊन सोळा वर्षे : फ्रॉइडच्या जबड्याची कहाणी

कर्करोगाचा इतिहास सांगताना बहुधा दोनच दिवस सांगितले जातात : निदानाचा आणि शस्त्रक्रियेचा. त्यानंतरचा जगण्याचा जो लांबलचक कालखंड असतो, तो तळटीपेत जातो. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात तर हा कालखंडच खरा इतिहास असतो. ज्या अवयवांवर चाकू चालतो त्यांनीच माणूस जेवतो, बोलतो, हसतो आणि चारचौघांत ओळखला जातो. या धाग्यात अशा एका माणसाची सोळा वर्षे पाहायची आहेत. माणूस जगप्रसिद्ध आहे. त्याची ही बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही.

सिग्मंड फ्रॉइड. जन्म ६ मे १८५६, मोराव्हियातील फ्रायबर्ग येथे. मृत्यू २३ सप्टेंबर १९३९, लंडन येथे. मनोविश्लेषणाचा जनक. रुग्णाला कोचावर निजवून त्याला बोलू द्यायचे, आपण मागे बसून ऐकायचे आणि मोजके बोलायचे, ही त्याची उपचारपद्धती. म्हणजे या वैद्याची हत्यारे दोनच : कान आणि वाणी. पुढे काय घडले हे समजून घेताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

फ्रॉइड दिवसाला सुमारे वीस सिगार ओढत असे. हृदयाचे ठोके चुकू लागले तेव्हा, १८९४ मध्येच, त्याच्या डॉक्टर मित्राने सिगार सोडण्याचा सल्ला दिला होता. तो काही काळ पाळला गेला आणि मग सुटला. आपली काम करण्याची ताकद सिगारमुळेच आहे, अशी फ्रॉइडची ठाम समजूत होती. माणसाच्या मनातील लपवाछपवी उघडी करण्यात ज्याने हयात घालवली, तो या एका बाबतीत स्वतःला सर्रास फसवत राहिला, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

फेब्रुवारी १९२३. उजव्या बाजूला, टाळू आणि जबडा जिथे मिळतात तिथे, त्याला एक गाठ जाणवली. दोन महिने त्याने ती कुणालाही दाखवली नाही. एप्रिलमध्ये फेलिक्स डॉइच या डॉक्टरने तोंडात पाहिले आणि त्याला रोग लगेच कळला. पण त्याने 'कर्करोग' हा शब्द उच्चारला नाही. सिगारमुळे आलेला पांढरा चट्टा आहे, काढून टाकू, एवढेच तो म्हणाला. हे खोटे बोलण्यामागे कारण होते. वेदनेने कुजत मरायचे असेल तर प्रतिष्ठेने जग सोडायला मदत करशील का, अशा अर्थाचे फ्रॉइड त्याच भेटीत बोलला होता. खरे सांगितले तर हा माणूस जीव देईल, अशी भीती डॉइचला वाटली.

२० एप्रिल १९२३ रोजी मार्कुस हायेक या प्रख्यात नाक-घसातज्ज्ञाने ती गाठ काढली. नातेवाइकांनाही नीट कल्पना न देता, बाह्यरुग्ण विभागात, किरकोळ काम असल्यासारखी. रक्तस्राव बेसुमार झाला. पत्नी मार्था आणि मुलगी ॲना तिथे पोहोचल्या तेव्हा फ्रॉइड रक्ताने माखलेल्या कपड्यांत एका साध्या खुर्चीवर बसलेला होता. त्याला एका लहानशा खोलीत ठेवले. खोलीत दुसरा एकच रुग्ण होता : वाढ खुंटलेला, बुद्धीने मंद समजला जाणारा एक बुटका मनुष्य. जेवणाच्या वेळी घरच्यांना बाहेर पाठवण्यात आले आणि नेमका तेव्हाच रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. फ्रॉइडला हाक मारता येईना, घंटी बिघडलेली. तो बुटका मनुष्य धावत जाऊन परिचारिकेला घेऊन आला. विसाव्या शतकातील एका मोठ्या विचारवंताचा जीव त्या दिवशी बहुधा या अनाम माणसाने वाचवला. त्या रात्रीपासून ॲनाने वडिलांना रुग्णालयात एकटे सोडले नाही.

त्यानंतर क्ष-किरण आणि रेडियमचे उपचार झाले. क्ष-किरण देणारा गुइडो होल्ट्सक्नेख्ट हा या शास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी एक. त्याचे स्वतःचे हात किरणांनी जळालेले होते आणि अखेर १९३१ मध्ये त्याच किरणांच्या परिणामांनी तो गेला. मात्रा मोजण्याचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. आपल्याकडे आजही ज्याला बोलीत 'शेक घेणे' म्हणतात, त्या उपचाराचा हा अगदी आरंभीचा, आंधळा काळ. फ्रॉइडचे तोंड आतून सोलवटून निघाले. वेदना महिनोन्‌महिने थांबली नाही.

याच उन्हाळ्यात, १९ जूनला, त्याचा लाडका नातू हाइनेले क्षयाने गेला. वय अवघे साडेचार. स्वतःच्या आजारात डोळ्यांतून टिपूस न काढणारा फ्रॉइड या मृत्यूने पार खचला.

सप्टेंबरमध्ये तो ॲनाला घेऊन रोमला गेला. प्रवासात, न्याहारीला पावाचा कडक तुकडा चावताना, तोंडातून रक्ताची चिळकांडी उडाली. दोघांनाही अर्थ कळला. दोघेही रोम पाहायला गेले. तिकडे त्याच्या जवळच्या शिष्यांना डॉइचने रोगाचे नाव सांगितले होते आणि फ्रॉइडला सांगावे की नाही, यावर त्यांच्यात खल चालला होता. पुढे कित्येक वर्षांनी हे फ्रॉइडला कळले तेव्हा, असे करण्याचा यांना अधिकार कुणी दिला, असे म्हणून तो संतापला. डॉइचला तर त्याआधीच डॉक्टर म्हणून निरोप मिळाला होता.

आता या कहाणीतील दुसरे महत्त्वाचे पात्र येते : हान्स पिश्लर. शल्यविद्येकडून दंतवैद्यकाकडे वळलेला हा माणूस शिकागोला जाऊन दातांचे शास्त्र शिकून आला होता आणि पहिल्या महायुद्धात जबडे फुटलेल्या सैनिकांवर त्याने व्हिएन्नात काम केले होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. खंदकातील सैनिकाचे डोके तेवढे मातीच्या वर येते. गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे चेहऱ्यावर बसतात. त्या युद्धाने युरोपला हजारो फाटके चेहरे दिले आणि ते दुरुस्त करताना जी विद्या जमली, तीच पुढे कर्करोगाच्या रुग्णांच्या कामी आली.

४ ऑक्टोबर १९२३ रोजी पिश्लरने मानेतील मुख्य रक्तवाहिनीची एक शाखा बांधली आणि जबड्याखालच्या गाठी काढल्या. ११ तारखेला खरी शस्त्रक्रिया झाली. ओठ आणि गाल चिरून, उजवीकडील वरचा जबडा, त्या बाजूची टाळू आणि खालच्या जबड्याचाही काही भाग त्याने काढला; उघड्या पडलेल्या जागी त्वचेचे कलम लावले. नाकाची पोकळी आणि तोंड एक झाले. हे सारे गुंगीच्या औषधावर आणि स्थानिक भुलीवर. इथे इतिहासाची एक थट्टा नोंदवायला हवी. १८८४ मध्ये तरुण फ्रॉइडने कोकेनवर निबंध लिहिला होता, पण त्याने डोळा बधिर करता येतो हा शोध लावून स्थानिक भुलीचा जनक ठरला तो त्याचा मित्र कार्ल कोलर. हुकलेली ती विद्या पुढे फ्रॉइडच्या स्वतःच्या तोंडावर तीसहून अधिक वेळा वापरली गेली.

नोव्हेंबरात पिश्लरला कडेला रोगाचा अंश सापडला आणि त्याने पुन्हा कापले. ही शस्त्रक्रिया निर्णायक ठरली. त्यानंतर १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षे, फ्रॉइडच्या तोंडात निःसंशय कर्करोग पुन्हा सापडला नाही. पिश्लरने रोग हरवला होता, तोही १९२३ साली. मग ही तेरा वर्षे फ्रॉइड सोसत होता ते काय? उत्तर असे की तो उपचार सोसत होता.

तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत नाहीशी झाली की काय होते, हे मराठी कानांना सहज समजेल. 'ब' म्हणताना ओठ मिटतात, तोंडात हवा दाबली जाते आणि मग सुटते. ही हवा नाकाकडे निसटली की 'ब' चा 'म' होतो. 'बाबा' म्हणू पाहणाऱ्याच्या तोंडून 'मामा' निघते. पाणी पिताना ते नाकातून येते. घास गिळण्यापूर्वीच वर सरकतो. म्हणून त्या भगदाडात बसेल असे कृत्रिम टाळूचे यंत्र पिश्लरने करून दिले. भल्या मोठ्या, दात जोडलेल्या कवळीसारखी ती वस्तू होती. फ्रॉइडच्या घरात तिला नाव पडले 'राक्षस'.

कल्पना नवी नव्हती. टाळूचे भोक बुजवणाऱ्या पत्र्यांचे वर्णन सोळाव्या शतकात आंब्रोआझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने केले आहे. ही वस्तू किती उत्तम काम करू शकते, याचे एक उदाहरण तर राष्ट्राध्यक्षाचे आहे. अमेरिकेचा ग्रोव्हर क्लीव्हलंड. वर्ष १८९३. अमेरिकेत आर्थिक हाहाकार माजला होता. त्यात २६ जूनला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील टांकसाळी, म्हणजे मुंबई आणि कलकत्त्याच्या, खासगी चांदीसाठी बंद केल्या आणि चांदीचा भाव कोसळला. ३० जूनला क्लीव्हलंडने काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावल्याचे जाहीर केले आणि त्याच रात्री तो 'ओनायडा' या नौकेवर चढला. समुद्रात, डोलत्या नौकेत, त्याच्या वरच्या जबड्याचा डावीकडील भाग गुपचूप काढण्यात आला. रबराची कृत्रिम टाळू बसवली. ती इतकी चपखल बसली की भाषण ऐकून कुणाला संशय येईना. एका वार्ताहराने बातमी फोडली, तर त्यालाच खोटे पाडण्यात आले. शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या डॉ. कीन यांनी खरी हकिकत छापली ती १९१७ मध्ये, क्लीव्हलंडच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी.

मग फ्रॉइडला तसे सुख का लाभले नाही? त्याचे भगदाड फार मोठे होते, आणि चघळण्याच्या स्नायूंची मुळेच कापली गेल्याने, तिथे व्रण आकसत गेल्याने, त्याचा जबडा नीट उघडत नसे. मोठी वस्तू छोट्या फटीतून आत घालायची, ही रोजची कसरत. एकदा फ्रॉइड आणि ॲना अर्धा तास झटले तरी राक्षस आत जाईना. शेवटी पिश्लरला बोलवावे लागले. फार वेळ बाहेरही ठेवता येत नसे, कारण तेवढ्यात आतले मांस आकसे आणि तो बसेनासा होई. घट्ट केला तर नाकाची वाट बंद होई, बोलणे बरे होई, पण हिरड्यांना आणि गालाला जखमा होत. सैल केला तर जखमा थांबत, पण बोलणे आणि जेवणे जाई. या दोहोंच्या मधला बिंदू पिश्लर पंधरा वर्षे शोधत राहिला.

त्यातून एक दुष्टचक्र सुरू झाले. राक्षस घासून आतल्या अस्तरावर पांढरे, जाड चट्टे उठत. सिगारचा धूर त्यांना खतपाणी घाले. असा चट्टा पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतो, म्हणून पिश्लर तो कापी किंवा विजेने जाळी. जाळले की पोकळीचा आकार बदले. आकार बदलला की राक्षस पुन्हा तासायचा. नवा आकार नव्या जागी घासे, आणि नवा चट्टा उठे. तीसहून अधिक शस्त्रक्रियांचा जो आकडा फ्रॉइडच्या चरित्रांत सापडतो, त्यातील बहुतेक या चक्रातल्या आहेत.

सिगार मात्र सुटली नाही. जबडा उघडत नसे तेव्हा फ्रॉइड कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा दातांमध्ये पाचरीसारखा सारून फट करी आणि तिच्यात सिगार धरी. हे वाचून हसावे की रडावे, ते ज्याने त्याने ठरवावे. पण वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर ती पाचर नकळत योग्य दिशेनेच गेलेली आहे. तोंड न उघडणे हा जबड्याच्या शस्त्रक्रियेचा आणि किरणोपचाराचा आजही सर्वांत चिवट दुष्परिणाम आहे, आणि त्यावरचा मूळ इलाज आजही हळूहळू, रोज, मोजून ताण देणे हाच. भारतातील रुग्णालयांत रुग्णाच्या हाती आइस्क्रीमच्या लाकडी काड्या देतात. त्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि काही दिवसांनी तीत एकेक काडी वाढवायची. दोन दातांमधील अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तोंड आखडले असे सर्वसाधारणपणे मानतात. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. फरक इतकाच की आज हा व्यायाम उपचारानंतर लवकरात लवकर, आकसलेला व्रण घट्ट होण्यापूर्वी, सुरू करतात. फ्रॉइडच्या वेळी त्याची शिस्तबद्ध पद्धत नव्हती.

महाराष्ट्राला ही बंद तोंडे फार ओळखीची आहेत. सुपारीने तोंड आखडण्याचा जो विकार, त्याचे भारतातील सुरुवातीचे वैद्यकीय वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्याकडील अनेक रुग्ण कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला येतात तेच आधीच आखडलेले तोंड घेऊन.

२ जानेवारी १९२४ रोजी फ्रॉइडने पुन्हा रुग्ण तपासायला सुरुवात केली. दिवसाला सहा. प्रत्येक शब्द उच्चारताना श्रम होत. योगायोग असा की त्याच वर्षी, त्याच व्हिएन्नात, एमिल फ्रोशल्स या डॉक्टरने वाचादोषांवर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. वाचोपचार हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहत होते. पन्नास वर्षांपूर्वी, १८७३ च्या अखेरच्या दिवशी, बिलरोटने कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली, तीही याच शहरात. त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्रही तयार केले गेले होते. कापल्यानंतर माणसाने बोलायचे कसे, हा प्रश्न व्हिएन्नाला नवा नव्हता, उत्तरे तेवढी अर्धवट होती.

पुढे सततच्या संसर्गाने फ्रॉइडचा उजवा कान गेला. रुग्ण कोचावर निजत त्या बाजूचाच हा कान. तेव्हा कोच आणि खुर्ची यांची मांडणीच उलटी करण्यात आली. मनोविश्लेषणाचा तो सुप्रसिद्ध कोच, ज्याची चित्रे आपण पाठ्यपुस्तकांत पाहतो, तो एका कर्करोगाच्या उपचाराच्या दुष्परिणामामुळे खोलीत जागा बदलून गेला.

समाजातून तो हळूहळू मागे सरला. सप्टेंबर १९२२ मध्ये बर्लिनला झालेली मनोविश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परिषद ही त्याने हजेरी लावलेली शेवटची. १९२५ च्या परिषदेत त्याचा निबंध ॲनाने वाचला. १९३० मध्ये फ्रँकफुर्टला गटे पुरस्कार मिळाला, तो घ्यायलाही ॲनाच गेली. लोकांसमवेत जेवणे त्याने जवळजवळ सोडले. घास कुठून बाहेर येईल याचा भरवसा नसलेल्या माणसाला पंगत नकोशी होते, ही गोष्ट असा रुग्ण ज्या घरात आहे तिथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वेदना असूनही साध्या ॲस्पिरिनखेरीज काही घ्यायला तो राजी नसे. बुद्धीवर धुके येण्यापेक्षा दुखलेले बरे, असा त्याचा हिशेब होता.

या साऱ्यात एक मूक करार होता. आरंभीच फ्रॉइडने ॲनाला सांगितले होते की शुश्रूषा तिने करावी, पण भावनेचे प्रदर्शन नको. शल्यविशारदाच्या अलिप्ततेने जे करायचे ते करावे. राक्षस काढणे, धुणे, बसवणे, जखम पाहणे हे काम तिने सोळा वर्षे केले, आणि त्याच काळात बालमनोविश्लेषणातील स्वतःचे कामही उभे केले. फ्रॉइडच्या चरित्रकारांनी तिच्या निष्ठेचे कौतुक भरपूर केले आहे. त्या निष्ठेची किंमत किती होती, हे विचारणारे थोडे. आजार एकाचा असतो, दिनक्रम मात्र दोघांचा ठरतो.

बाहेरून मदतही शोधली गेली. १९२८ मध्ये फ्रॉइड बर्लिनला गेला. तिथे प्राध्यापक श्रोडरने नवी कवळी करून दिली आणि काही काळ बरे वाटले. १९३१ मध्ये वाराझ्ताद काझान्जियान हा बोस्टनचा तज्ज्ञ युरोपात आला. त्याचे आयुष्य म्हणजे स्वतंत्र धाग्याचा विषय : तुर्की अंमलाखालील आर्मेनियन कुटुंबात जन्म, अमेरिकेत तारेच्या कारखान्यात मजुरी, मग दंतवैद्यकाचे शिक्षण, आणि महायुद्धात फ्रान्समधील ब्रिटिश रुग्णालयात फाटलेले चेहरे जोडण्याची अशी करामत की लोक त्याला जादूगार म्हणू लागले. फ्रॉइडच्या शिष्यांनी, राजकन्या मेरी बोनापार्टनेही, त्याची मनधरणी केली. त्याने व्हिएन्नात मुक्काम करून एकामागून एक नव्या कवळ्या घडवल्या. पैसा पाण्यासारखा गेला. सुधारणा झाली, पण टिकली नाही. जादूगारालाही त्या पोकळीचे गणित सुटले नाही. याच वर्षी पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांच्या भारतीय मनोविश्लेषण संस्थेने विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली. ती फ्रॉइडने आपल्या टेबलावर ठेवली.

आजच्या वाचकाला प्रश्न पडेल की भगदाड मांसानेच का बुजवले नाही? कातडीचा जिवंत पट्टा वळवून चेहऱ्याचा भाग घडवण्याची विद्या तर आपल्याकडे जुनी. १७९३ च्या सुमारास टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कुंभार जातीच्या वैद्याने कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले. ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपची आधुनिक प्लास्टिक शस्त्रक्रिया तिथून चेतवली गेली. पण तोंडाच्या आत, लाळेच्या ओलाव्यात, एवढा मोठा पट्टा जगवणे ही गोष्ट निराळी. कपाळाचा तोच पट्टा तोंडातील कर्करोगासाठी नियमित वापरात आला तो १९६० च्या दशकात. छातीच्या स्नायूचा पट्टा १९७९ मध्ये. पायाच्या नळीजवळचे हाड घेऊन जबडा घडवणे १९८९ मध्ये. शिवाय पिश्लरच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. कवळी काढली की आतली पोकळी उघडी दिसे आणि नवा चट्टा वेळेत सापडे. मांसाने बुजवलेल्या जागी तसे पाहता येत नाही. या कारणासाठी कृत्रिम टाळू आजही बाद झालेली नाही.

१९२९ च्या सुमारास मॅक्स शूर हा तरुण डॉक्टर फ्रॉइडचा वैद्य झाला. पहिल्याच बैठकीत दोन अटी घातल्या गेल्या. नेहमी खरे सांगायचे. आणि वेळ आली की निरर्थक यातना होऊ द्यायच्या नाहीत. डॉइचच्या प्रकरणाची सावली या दोन्ही अटींवर स्पष्ट दिसते.

जुलै १९३६ मध्ये पिश्लरला पुन्हा कर्करोग सापडला. मार्च १९३८ मध्ये नाझी व्हिएन्नात आले. ४ जूनला फ्रॉइड कुटुंब शहर सोडून निघाले, आणि सप्टेंबरमध्ये पिश्लर विमानाने लंडनला आला. ८ तारखेला त्याने आपल्या जुन्या रुग्णाचा गाल पुन्हा चिरला. १९२३ नंतरची ही सर्वांत मोठी शस्त्रक्रिया, आणि पिश्लरची फ्रॉइडवरची शेवटची.

७ डिसेंबर १९३८ रोजी बीबीसीची माणसे फ्रॉइडच्या लंडनच्या घरी आली. इंग्रजीतले ते छोटेसे ध्वनिमुद्रण आज सहज ऐकायला मिळते. अवश्य ऐकावे. प्रत्येक शब्द ओढून काढल्यासारखा येतो. बहुतेक ऐकणारे त्याचे श्रेय ८२ वर्षांच्या वयाला किंवा परक्या भाषेला देतात. ते श्रम खरे तर त्या राक्षसाचे आहेत : टाळूच्या जागी बसवलेल्या वस्तूवर जीभ टेकवून एक माणूस व्यंजने घडवतो आहे.

फेब्रुवारी १९३९ पर्यंत रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेल्याचे नक्की झाले. पुन्हा किरणोपचार सुरू झाले. तरीही जुलै संपेपर्यंत फ्रॉइड रुग्ण घेत होता. 'मोझेस आणि एकेश्वरवाद' हा त्याचा अखेरचा ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला. पुढे हाड सडू लागले. लाडकी चाऊ जातीची कुत्री वासामुळे जवळ येईना. माश्या येतात म्हणून पलंगावर मच्छरदाणी लावावी लागली. २१ सप्टेंबरला फ्रॉइडने शूरचा हात धरून त्याला त्यांच्या कराराची आठवण दिली आणि ॲनाशी बोलायला सांगितले. शूरने मॉर्फिन दिले. २३ तारखेच्या पहाटे फ्रॉइड गेला.

त्यानंतर दीड वर्षाने, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. गाल, जीभ आणि जबडा यांच्या कर्करोगाचे रुग्ण तिथे पहिल्यापासून येत राहिले. ज्यांच्या नावाचा रस्ता आज त्या रुग्णालयासमोरून जातो, ते गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस याच रुग्णालयाच्या पहिल्या पिढीतले. कृत्रिम टाळू घडवणारे दंततज्ज्ञ, गिळायला आणि बोलायला पुन्हा शिकवणारे वाचोपचारक, काड्यांचा व्यायाम करून घेणारे भौतिकोपचारक यांची तुकडी आज अशा रुग्णालयांत एका छताखाली भेटते. व्हिएन्नात ही सारी कामे एक शल्यविशारद आणि एक मुलगी यांनी मिळून केली.

ही कहाणी इतक्या बारकाव्यांनिशी आज सांगता येते ती दोन माणसांमुळे. पिश्लरने प्रत्येक भेटीची, प्रत्येक चट्ट्याची, कवळी कुठे किती तासली याची नोंद ठेवली. त्या नोंदी अर्नेस्ट जोन्सने फ्रॉइडच्या चरित्राला परिशिष्ट म्हणून जोडल्या. आणि शूरने, अमेरिकेत गेल्यावर, आपल्या रुग्णाच्या जगण्यामरण्यावर ग्रंथ लिहायला घेतला. तो छापून आला १९७२ मध्ये, शूरच्या स्वतःच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.